वरुडकर सरांचा गेमिंगचा नाद

हरिहर वरुडकर सरांच्या घरी कूलर एकच, आणि यंदाच्या मे महिन्यात तो लॅपटॉपला देण्यात आला होता.

अमरावतीचा मे ज्याने काढलाय त्याला या त्यागाबद्दल वेगळं सांगायला नको. दुपारी दोनला रुक्मिणीनगरातली कुत्री उभ्या गाड्यांखालून नाक बाहेर काढत नाहीत. अशा वेळी सर आणि त्यांच्या पत्नी सिंधूताई आतल्या खोलीत पंख्याखाली घाम पुशीत पडलेले, आणि हॉलमध्ये ते काळं धूड वाळ्याच्या गार वाऱ्यात ऐटीत बसलेलं. बरं, एवढी सरबराई करून घेतल्यावर त्याने नीट चालावं की नाही? नाव नको! दिवसातून सहा वेळा डोळे मिटायचं. मग देवश्री, म्हणजे सरांची एकुलती एक मुलगी, कपाळावर हात मारायची आणि पुन्हा पायाभरणीपासून सुरुवात करायची.

पायाभरणी अशासाठी की देवश्रीचं काम घरांचं. कॉम्प्युटरमध्ये अख्खं घर उभं करायचं, भिंतींना रंग द्यायचा, खिडकीतून ऊन आत आणायचं आणि गिऱ्हाइकाला ते गोल फिरवून दाखवायचं. लॅपटॉपची जोत्यापर्यंत काही तक्रार नसे. भिंतीही तो कसाबसा सहन करी. पण स्लॅब टाकायला घेतला की त्याचं बूड तव्यासारखं तापे, आत काहीतरी घरघरे आणि पडदा काळा. तिवशाच्या एका डॉक्टरांनी तर देवश्रीला सरळ विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही बिनछपराचीच घरं करता का?"

"बाबा, याच्यात आता राम नाही," एक दिवस देवश्री म्हणाली. "मला गेमिंग कॉम्प्युटर लागेल."

सरांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. पेपरची घडी झाली की सर गंभीर झाले असं घरात समजलं जातं.

"गेमिंग? म्हणजे खेळायचा?"

"नाव तसं आहे हो. त्यात ग्राफिक्स कार्ड असतं. ते मोठं असलं की चित्र पटकन तयार होतं. खेळणारे तोच घेतात, आम्हीही तोच घेतो."

"मग त्याला कामाचा कॉम्प्युटर का म्हणत नाहीत?"

"ते कंपनीला विचारा," देवश्री म्हणाली. पण चौतीस वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलेल्या माणसाला शब्द चुकीचा वापरलेला चालत नाही. सरांनी नेहमीप्रमाणे कागद घेतला, मधोमध रेघ मारली, एकीकडे 'अनुकूल' लिहिलं, दुसरीकडे 'प्रतिकूल'. प्रतिकूलखाली पहिला मुद्दा लिहिला: 'नाव'.

मग सल्लामसलत. वरच्या मजल्यावरचे किशोरराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. कागदाशिवाय त्यांचा कशावरच विश्वास नाही, स्वतःच्या वयावरसुद्धा. ते म्हणाले, "सर, आधी कंपनीकडून लेखी घ्या की हा दुरुस्त होत नाही. लेखी नसताना नवा घेतला तर उद्या कोणी विचारलं म्हणजे?" कोण विचारणार होतं ते त्यांनी सांगितलं नाही. शेजारच्या बेबीताईंनी कुंपणाच्या भिंतीवरून उपाय सांगितला, "त्याच्या बुडाखाली बरफाची थैली ठेवा सर. माह्या भाच्यानं ठेवली होती."

"मग चालला?"

"चालला कुठचा! बंदच पडला. पण थंडा राहिला."

लेखी घ्यायचं तर कंपनीचं सेवा केंद्र अकोल्याला. सर आणि देवश्री लॅपटॉप टर्किश टॉवेलात गुंडाळून एस.टी.ने निघाले. मूर्तिजापूरपर्यंत तो सरांच्या मांडीवर, पुढे देवश्रीच्या. बाहेर उन्हाच्या झळा, आत माणसांच्या. अकोल्याला उतरेपर्यंत तिघेही भाजून निघाले होते आणि सरांना खात्री होती, की आज हा पठ्ठ्या सुरूसुद्धा होणार नाही.

सेवा केंद्रात एवढा ए.सी., की आत पाऊल टाकताच सरांना शिंक आली. टोकन घेऊन तासभर बसावं लागलं. नंबर लागला तेव्हा निधी नावाच्या मुलीने लॅपटॉप उघडला आणि तो सुरू झाला. देवश्रीने घर उभं केलं, स्लॅब टाकला, सुरू. दुसरा मजला चढवला, सुरू. तिने रागारागाने वर एक पाण्याची टाकी बसवली, तरी सुरूच! घरी जो मेल्यासारखा पडायचा तो परक्या लोकांत असा शहाण्यासारखा वागला, की सरांना तोंड दाखवायला जागा उरली नाही.

"तुमच्या ए.सी.मुळे चालतोय तो," सर म्हणाले. "ए.सी. बंद करा."

"ए.सी. बंद करायची परवानगी नाही सर."

"मग याला पाच मिनिटं उन्हात नेऊ."

"काउंटरच्या बाहेर नेला की टोकन रद्द होते. अन् सर, हे बघा, कंपनीच्या पुस्तकात लिहिलं आहे. पस्तीस अंशांच्या वर वापरू नये."

"पस्तीस?" सरांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा चढला. "अहो, मग वऱ्हाडात विकता कशाला?"

निधीने फॉर्म पुढे केला. त्यावर छापलेलं होतं, 'दोष आढळला नाही.' खाली ग्राहकाची सही. सरांनी पेन काढून 'आढळला' खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात 'शोधला' असं लिहिलं. खाडाखोड केलेला फॉर्म चालत नाही म्हणून निधीने नवीन टोकन घ्यायला सांगितलं. पुन्हा एक तास. दुसऱ्या फॉर्मवर सरांनी मुकाट्याने सही केली, आणि परतीच्या गाडीत मूर्तिजापूरला आलूबोंडा खाताना जाहीर केलं, "गेमिंग तर गेमिंग. घेऊन टाकू."

इथं हे सांगायला हवं की त्याच महिन्यात देवश्रीचं लग्नही ठरत आलं होतं. मुलगा अंकुर ताथोड. दोघं कॉलेजात एकत्र होते. तो अकोल्याला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला, घर हिवरखेडचं, वडील नत्थुजींची चांगली काळी जमीन. ताथोड शेतकरी, वरुडकरांकडे पिढ्यान् पिढ्या पंचांग आणि फळा. देवश्रीने हे घरी सांगितलं तेव्हा सर आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "माझी हरकत नाही." तेव्हापासून आपण किती मोठ्या मनाचे आहोत हे त्यांचं दूधवाल्यासकट सगळ्यांना सांगून झालं होतं. येत्या रविवारी ताथोड मंडळी बैठकीला यायची होती. पेरणीच्या आधी सगळं उरकायचं ठरत होतं.

त्याच आठवड्यात सरांनी केदारला फोन लावला. केदार त्यांचा जुना विद्यार्थी, राजापेठेत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. घरात रेंज नसते म्हणून सर अंगणात कुंपणाशी उभे राहून बोलत. भिंतीपलीकडे बेबीताई कुरड्या वाळत घालत होत्या. त्यांना ऐकू गेलं ते असं:

"केदार, कार्ड मला मोठंच पाहिजे! ... छे छे, लहान कार्डावर आमचं भागत नाही! ... आठचं? बाराचं घेतलं तर? ... अरे, एकदा गेमिंगमध्ये उतरायचं म्हटल्यावर मागेपुढे कशाला पाहायचं! ... काकूंचं तू सोड, काकूंना मी समजावतो!"

शुक्रवारी नत्थुजींचा फोन आला. "सर, रविवारचं जरा राहू द्या. पाहू मंग." एवढंच. नमस्कारसुद्धा घाईत.

सर चक्रावले. संध्याकाळी देवश्री बाहेरून आली ती तशीच सरांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, एक विचारते, रागावू नका. तुम्ही पत्ते खेळता?"

"काय?"

"मोबाइलवर. पैसे लावून. अंकुरने सांगितलं."

झालं होतं असं, की नत्थुजींनी आपला चुलतभाऊ देवमन याला गुपचूप चौकशीला धाडलं होतं. सोयरीक करताना घराण्याची माहिती शेजाऱ्यांकडून काढायची ही आपली जुनीच रीत. देवमनने बेबीताईंकडे पाणी मागितलं, बेबीताईंनी पाण्याबरोबर चहाही दिला, आणि सगळी माहिती दिली.

सर तरातरा कुंपणाशी गेले. "बेबीताई! मी पत्ते खेळतो असं तुम्ही सांगितलंत?"

"नाई बाप्पा! पत्ते मी म्हटलंच नाई. मी म्हटलं गेमिंग. तुमीच तं फोनवर बोलून राहिले होते, कार्ड मोठं पाहिजे म्हणून. अन् मी तुमचं चांगलंच सांगतलं सर. पह्यले अर्धा तास तं निरा चांगलंच सांगतलं!"

"आणि मग?"

"मंग थो म्हणे, काही नाद-गिद? आता खोटं कसं बोलाव? पोरीच्या लग्नाचा मामला." बेबीताईंनी आवाज हळू केला. "सोडा ना सर. काकूकडं पाहून तरी सोडा. धारणीकडं एक बाबा आहे, थो सोडवते."

खरडपट्टी काढायला गेलेले सर बाबांचा पत्ता घेऊन परत आले.

आता कोणी म्हणेल, एक फोन करून खुलासा करायचा, विषय संपला. देवश्रीही तेच म्हणाली. पण सरांचा मान आडवा आला. "मी जुगारी नाही असं मी फोन करून सांगायचं? जुगारी नसलेला माणूस असा फोन करतो का कधी?" अंकुरने आपल्या वडिलांना सांगून पाहिलं होतं, की तो कॉम्प्युटर घरांच्या चित्रांसाठी आहे. नत्थुजी म्हणाले, "पोट्टीच्या बापाची बाजू तू घेशीनच." शिवाय सरांना खरं दुखलं होतं ते वेगळंच. इतके दिवस त्यांची समजूत, की परीक्षा घेणारे आपण. आपण मोठ्या मनाने पास करायचं. आणि इथं पेपर भलत्यानेच तपासला आणि सर नापास!

"अंकुर वडिलांचं मन मोडणार नाही," देवश्री म्हणाली. "आणि त्याने मोडावं असं मीही म्हणणार नाही." एवढं बोलून ती आत गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी कोणालाही न विचारता केदारला फोन केला. "ती ऑर्डर रद्द कर."

"सर, कारण टाकावं लागते. कारण भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"लिही, अब्रू."

"सर, यात चारच कारणं आहेत. रंग आवडला नाही, उशीर झाला, दुसरीकडे स्वस्त मिळाला आणि इतर."

"इतर लिही," सर म्हणाले. आयुष्यभराची अब्रू 'इतर'मध्ये जमा झाली.

देवश्रीला कळलं तेव्हा ती सरांशी भांडली नाही. ओला नॅपकिन पिळून तिने लॅपटॉपखाली घातला आणि तिवशाच्या डॉक्टरांचं घर पुन्हा जोत्यापासून सुरू केलं. सरांना ते बघवेना. आपण पोरीच्या लग्नासाठी पोरीचं काम बुडवलं, आणि लग्नाचंही काही खरं नाही, हे त्यांना कळत होतं. चार दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. सिंधूताईंनी दोनदा वरणात मीठ घातलं नाही, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

गुरुवारी सकाळी फाटक वाजलं. सर बनियनवर होते. बाहेर पाहतात तो नत्थुजी आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई! नत्थुजींच्या खांद्यावर भुईमुगाच्या ओल्या शेंगांची थैली. सरांनी शर्ट चढवला तो उलटा. पाणी झालं, चहा झाला. कूलर लॅपटॉपकडे होता तो सिंधूताईंनी पाहुण्यांकडे फिरवला. नत्थुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सर, मी सीधा माणूस आहे, सीधाच बोलतो. देवमननं मले सांगतलं. आठ दिवस मी इचार करून राहिलो. मंग हे अंकुरची माय म्हणे, त्यात पोरीचा काय दोष?"

"दोष कोणाचाच नाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "मी हेच म्हटलं."

"माणसाले नाद लागते सर. माह्या मोठ्या भावाले पत्त्याचा होता. दिवाळीत बसला तं होळीले उठला! पण त्याले आमी टाकलं नाई. घरच्यायनं धरून ठेवलं, सुटला. तसं तुमचं बी सुटन. अन् नाई सुटलं तरी पोरगी आमी करतो. पण एक सांगतो, आता एकटे खेळत बसू नका. मन नाई लागत तं हिवरखेडले या. सांजच्याले मी रोज पारावर असतो. तिथं बसू, बोलू."

सरांनी या भेटीसाठी चार वाक्यं तयार ठेवली होती. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. त्यातलं एकही बाहेर येईना. हा माणूस आपल्याला जुगारी समजतो. जुगारी समजूनही अडीच-तीन तास उन्हातून शेंगा घेऊन आला, आणि नाद सोडवायला सोबत बसतो म्हणतो! सरांचे डोळे भरले. आणि त्याच क्षणी नत्थुजींचा एक शब्द त्यांच्या कानात अडकला.

"कुठे असता म्हणालात? पारावर?"

आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली. मघाशीच सांगायला हवी होती, पण वरुडकर सरांची लाज राखावी म्हणून गप्प बसलो. चौकशी काही एकट्या ताथोडांनीच केली नव्हती. सरांनीही किशोररावांकरवी, त्यांच्या तेल्हाऱ्याच्या साडूला फोन करून, नत्थुजींची माहिती काढली होती. फोनला खरखर फार. साडूने कळवलं होतं, 'माणूस चांगला, पण रोज सांजच्याले बारवर भेटते.' निदान किशोररावांनी तसं ऐकलं आणि लेखी लिहून आणून दिलं. सरांनी तो कागद फाडला, सिंधूताईंनाही सांगितलं नाही, आणि 'पोरगा तर पीत नाही ना' असं म्हणून नवव्या दिवशी होकार दिला. सर मोठं मन म्हणतात ते हे.

"पार म्हणजे झाडाचा?" सरांनी विचारलं.

"मंग कायचा? वडाचा पार आहे ना आमच्या घरापुढं."

"बार नव्हे?"

"कोणता बार?"

सरांनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. साडू, खरखर, कागद, सगळं. आणि मग कार्ड म्हणजे काय तेही. नत्थुजींनी सावकाश शर्टाचं वरचं बटण काढलं आणि गळ्यातली तुळशीची माळ बाहेर ओढून दाखवली. "मी माळकरी माणूस, सर!"

"थांबा, थांबा," दुर्गाबाई म्हणाल्या. "म्हणजे तुमी यायले दारुडे समजून पोरगी देऊन राहिले होते?"

"हो."

"अन् हे तुमाले जुगारी समजून पोरगी करून राहिले होते!"

दुर्गाबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या, की सिंधूताईंनी उठून त्यांची पाठ चोळली आणि पाठ चोळता चोळता स्वतःही हसू लागल्या. दारात उभी असलेली देवश्री हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. दोन्ही पुरुष मात्र चोरून एकमेकांकडे पाहत बसले.

मग नत्थुजींना ते घर उभं करणं पाहायचं होतं. देवश्रीने लॅपटॉप समोर ठेवला. जोतं आलं, भिंती आल्या. दुर्गाबाईंनी "चुलीपाशी खिडकी दे वं माय, धुरानं जीव जाते," म्हटलं, तशी चुलीपाशी खिडकीही आली. देवश्री स्लॅब टाकायला गेली आणि पडदा काळा झाला.

"झालं?" नत्थुजींनी विचारलं.

"एवढंच होतं काका."

"मंग नवा काहून नाई आणला?"

सिंधूताई म्हणाल्या, "आणणार होते. तुम्हाला वाईट दिसेल म्हणून यांनी रद्द केला."

नत्थुजी उठले, टोपी घातली, सरांना म्हणाले, "दुकानवाल्याचा नंबर लावून द्या." घरात रेंज नाही म्हटल्यावर फोन घेऊन अंगणात कुंपणाशी जाऊन उभे राहिले. शेतात या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्याला हाक मारायची सवय असलेला आवाज तो. रुक्मिणीनगराची सगळी गल्ली जागच्या जागी थांबली.

"हालोऽ! वरुडकर सरायनं जो गेमिंगचा रद्द केला ना, थो परत लिहा! ... मी? मी हिवरखेडचा नत्थुजी ताथोड बोलून राहिलो! ... हो हो, कार्ड मोठंच पाहिजे! लहान कार्ड आमच्या व्याह्याले जमत नाई!"

भिंतीपलीकडे बेबीताईंच्या हातून कुरड्यांचं ताट पडलं. "अवं माय," त्या म्हणाल्या, "आता दोघंबी!"

सरांना ते ऐकूच आलं नाही. त्या सगळ्या आरड्याओरड्यात त्यांच्या कानात एकच शब्द शिरला होता. चतुर्थीचे प्रत्यय शिकवण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाला 'व्याह्याले' हे रूप एरवी खटकलं असतं, त्यांनी ते तिथल्या तिथे सुधारून दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी ते दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. मग उलट्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसत ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "अगं, गोडाचं काहीतरी कर. व्याही आलेत."